अमेरिकेतील राज्य आमदाराची कारकीर्द : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेच्या राजकारणाविषयी मराठीत जे छापून येते, ते बहुतेक राष्ट्राध्यक्ष आणि वॉशिंग्टन यांच्याभोवतीच फिरत असते. राज्याच्या विधिमंडळात बसणाऱ्या सदस्याविषयी वाचकांकडून तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. ‘आमदार’ हा शब्द सोयीसाठी दोन्ही सभागृहांच्या सदस्यांना वापरला आहे. पन्नास राज्यांचे नियम पन्नास प्रकारचे असल्यामुळे प्रत्येक उत्तर कोणत्या राज्याला लागू आहे, हे वाचताना लक्षात ठेवावे.

१. राज्य आमदार म्हणजे वॉशिंग्टनमधला काँग्रेसमनच ना?

नाही. काँग्रेस हे संघराज्याचे कायदेमंडळ आहे आणि त्याचे सदस्य वॉशिंग्टनला बसतात. राज्य आमदार आपापल्या राज्याच्या राजधानीत, म्हणजे कॅलिफोर्नियाचा सॅक्रामेंटोला, टेक्सासचा ऑस्टिनला आणि इलिनॉयचा स्प्रिंगफिल्डला बसतो. ४९ राज्यांत दोन सभागृहे आहेत. वरच्याला सर्वत्र सिनेट म्हणतात. खालच्याला कुठे हाउस, कुठे असेंब्ली, तर व्हर्जिनिया आणि मेरीलँडमध्ये हाउस ऑफ डेलिगेट्स म्हणतात. आपल्याकडच्या विधान परिषदेप्रमाणे तेथील वरचे सभागृह अप्रत्यक्ष निवडणुकीने भरत नाही. दोन्ही सभागृहांचे सदस्य थेट मतदारांकडून निवडले जातात. नेब्रास्का हा एकमेव अपवाद असून तेथे १९३७ पासून एकच सभागृह आहे. त्याचे ४९ सदस्य सिनेटर म्हणवले जातात आणि त्यांच्या मतपत्रिकेवर पक्षाचे नाव नसते.

सगळ्या राज्यांचे मिळून ७,३०० हून अधिक आमदार होतात, पण एका आमदारामागे किती माणसे, यात विलक्षण तफावत आहे. न्यू हॅम्पशायरच्या हाउसमध्ये ४०० सदस्य आहेत, त्यामुळे एका सदस्यामागे जेमतेम साडेतीन हजार लोक येतात. कॅलिफोर्नियाच्या सिनेटमध्ये मात्र ४० च सदस्य आहेत आणि त्यांतला प्रत्येक जण सुमारे दहा लाख लोकांचे प्रतिनिधित्व करतो. हा आकडा वॉशिंग्टनच्या प्रतिनिधिगृहातील एका मतदारसंघापेक्षाही मोठा आहे.

२. राज्य आमदाराच्या हातात असते तरी काय?

सामान्य माणसाच्या रोजच्या जगण्याला शिवणारे बहुतेक कायदे राज्यांचे असतात. कोणता गुन्हा कोणत्या शिक्षेला पात्र, शाळांना पैसा किती, सरकारी विद्यापीठांना अनुदान किती, डॉक्टर, परिचारिका आणि वकील यांना परवाना कोणत्या अटींवर, विवाह आणि घटस्फोट, भाडेकरूचे हक्क, वाहनचालक परवाना आणि विमा ही सगळी कामे राज्य विधिमंडळाची आहेत. जून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा राष्ट्रीय पातळीवरील घटनात्मक हक्क काढून घेतल्यावर तो विषयही राज्यांकडे आला. बहुतेक राज्यांत काँग्रेसच्या मतदारसंघांच्या सीमाही आमदारच आखतात. ॲरिझोना, मिशिगन अशा काही राज्यांनी हे काम स्वतंत्र आयोगांकडे सोपवले आहे.

याशिवाय संघराज्याच्या घटनेत दुरुस्ती करायची तर तीन चतुर्थांश राज्यांची मान्यता लागते. स्त्रियांना मताधिकार देणारी दुरुस्ती ऑगस्ट १९२० मध्ये टेनेसीच्या हाउसपुढे आली तेव्हा तिला आणखी एकाच राज्याची गरज होती. चोवीस वर्षांचे हॅरी बर्न हे तेथील सर्वांत तरुण सदस्य विरोधकांचे तांबडे गुलाबाचे फूल कोटाला लावून सभागृहात आले होते, पण त्यांच्या खिशात आईचे पत्र होते आणि त्यात दुरुस्तीच्या बाजूने मत दे असे लिहिले होते. त्यांनी तसे मत दिले आणि देशाची घटना बदलली. राज्य आमदाराचे मत किती दूरवर पोचू शकते, याचे याहून बोलके उदाहरण मला माहीत नाही.

३. उभे राहण्यासाठी अमेरिकेतच जन्म झालेला असावा लागतो का? ग्रीन कार्डवर चालते का?

जन्माची अट फक्त राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्ष या पदांना आहे. राज्य आमदारकीसाठी नागरिकत्व पुरते, मग ते जन्माने मिळालेले असो की नंतर घेतलेले. ग्रीन कार्डधारकाला मात्र उभे राहता येत नाही. वयाची अट राज्यागणिक बदलते : कॅलिफोर्नियात १८ वर्षे पुरतात, टेक्सासमध्ये हाउससाठी २१ आणि सिनेटसाठी २६ लागतात, तर मिझुरीत अनुक्रमे २४ आणि ३०. राज्यात आणि मतदारसंघात ठरावीक काळ राहिल्याची अटही बहुतेक ठिकाणी असते, आणि अर्ज बाद होण्याचे प्रसंग वयापेक्षा या वास्तव्याच्या वादातून अधिक उद्भवतात.

४. पक्ष तिकीट कसे देतो? पक्षश्रेष्ठींना भेटावे लागते का?

आपल्या अर्थाने तिकीट तेथे नसतेच. पक्षाचा उमेदवार कोण हे बहुतेक सर्वत्र प्राथमिक निवडणुकीत, म्हणजे प्रायमरीत, मतदारच ठरवतात. स्थानिक नेते पाठिंबा जाहीर करतात, देणगीदार गोळा करून देतात, पण एखाद्याने ठरवलेच तर त्यांना न विचारता तो प्रायमरीत उतरू शकतो आणि विद्यमान आमदाराला पाडूही शकतो. अनेक मतदारसंघ एका पक्षाकडे इतके झुकलेले असतात की खरी लढत प्रायमरीतच होऊन जाते आणि नोव्हेंबरातल्या मुख्य निवडणुकीत समोर तगडा उमेदवार उरतच नाही. कॅलिफोर्नियात सर्व पक्षांची मिळून एकच प्रायमरी होते व पहिले दोन पुढे जातात, त्यामुळे अखेरची लढत कधी कधी एकाच पक्षाच्या दोघांत होते.

प्रचाराचे मुख्य साधन आजही दार ठोठावणे हेच आहे. मतदारयादीचे कागद किंवा फोनवरचे ॲप घेऊन उमेदवार संध्याकाळी गल्लीतून फिरतो, दार उघडणाऱ्याशी दोन मिनिटे बोलतो आणि कोणी नसेल तर कडीला पत्रक अडकवून पुढे जातो. लहान मतदारसंघात निकाल त्यावरच ठरतो.

५. पगार किती मिळतो?

या प्रश्नाला एकच उत्तर नाही, आणि या पदाविषयी जे काही समजून घ्यायचे आहे त्याची किल्ली येथेच आहे. न्यूयॉर्कमध्ये २०२३ पासून आमदाराला वर्षाला १,४२,००० डॉलर मिळतात आणि तो देशातील सर्वांत मोठा पगार आहे. कॅलिफोर्नियाचा पगारही लाखाच्या वर आहे. नेब्रास्कात वर्षाला १२,००० डॉलर, तर तीन कोटी लोकसंख्येच्या टेक्सासमध्ये महिन्याला ६०० म्हणजे वर्षाला ७,२०० डॉलर मिळतात, आणि ही रक्कम १९७५ पासून बदललेली नाही. न्यू हॅम्पशायरच्या राज्यघटनेत १८८९ मध्ये दोन वर्षांच्या मुदतीसाठी २०० डॉलर असे लिहिले गेले आणि आजही तेवढेच मिळतात. तेथील चारशे सदस्यांना स्वतंत्र कार्यालय नाही आणि सभागृहात पुढे मेजही नाही. नाट्यगृहासारख्या रांगांत बसून कागद मांडीवर ठेवावे लागतात. प्रवासखर्च आणि मोटारीला लावायची खास क्रमांकाची पाटी, एवढीच काय ती सोय.

पगाराव्यतिरिक्त बहुतेक राज्ये अधिवेशनकाळात दैनिक भत्ता देतात, आणि टेक्सासमध्ये तर भत्त्याची एकूण रक्कम पगारापेक्षा जास्त होते. पगार इतके कमी राहण्याचे कारण असे, की अनेक राज्यांत ते घटनेत लिहिलेले आहेत आणि वाढवायचे तर मतदारांचा कौल घ्यावा लागतो. आमदारांनी स्वतःची पगारवाढ मागावी आणि मतदारांनी ती द्यावी, हे क्वचितच घडते.

६. मग एवढ्यात घर कसे चालते? दुसरी नोकरी करता येते का?

करता येते, आणि बहुतेकांना करावीच लागते. विधिमंडळाची मूळ कल्पनाच अशी होती की शेतकरी, दुकानदार आणि वकील यांनी हिवाळ्यात दोन-तीन महिने राजधानीत यावे, कायदे करावेत आणि पेरणीच्या आत घरी परतावे. जिमी कार्टर जॉर्जियाच्या सिनेटमध्ये असताना भुईमुगाचा कौटुंबिक व्यवसाय सांभाळत होते. बराक ओबामा इलिनॉयचे सिनेटर असताना शिकागो विद्यापीठात कायदा शिकवत होते आणि अधिवेशनासाठी सुमारे ३०० किलोमीटरवरच्या स्प्रिंगफिल्डला जात होते.

ही कल्पना कागदावर सुंदर आहे, पण तिने काय निपजते हे स्पष्ट बोलले पाहिजे. मालकाने वर्षातून तीन महिने सोडावे अशी नोकरी किती जणांची असते? म्हणून अशा सभागृहांत निवृत्त लोक, स्वतःचा धंदा असलेले, भागीदारीतले वकील आणि ज्यांचे घर जोडीदाराच्या पगारावर चालते असे लोक अधिक दिसतात. तासावर पगार घेणारी परिचारिका किंवा गोदामातला कामगार क्वचितच दिसतो. कमी पगारामुळे सरकारचा खर्च वाचतो हे खरे. पण कायदा कोणाच्या अनुभवातून लिहिला जातो, हेही त्या पगारानेच ठरते, आणि मला हा सौदा महाग वाटतो. हितसंबंधांचा प्रश्नही यातूनच येतो : विमा एजंट असलेला आमदार विमा समितीवर बसला, तर बहुतेक ठिकाणी त्याला उत्पन्नाचे स्रोत जाहीर करावे लागतात, पण तेवढ्यावरून मतदानापासून दूर राहावेच लागेल असे नाही.

७. अधिवेशन किती दिवस चालते?

टेक्सास, मोंटाना, नेवाडा आणि नॉर्थ डकोटा या चार राज्यांत नियमित अधिवेशन दोन वर्षांतून एकदाच, विषम वर्षी भरते. टेक्सासमध्ये ते १४० दिवसांचे असते. मध्येच विशेष अधिवेशन बोलावण्याचा आणि त्यात कोणता विषय घ्यायचा हे ठरवण्याचा अधिकार एकट्या गव्हर्नरला, म्हणजे राज्याच्या निवडून आलेल्या प्रमुखाला, आहे. इतर बहुतेक राज्यांत दरवर्षी काही महिने कामकाज चालते, तर कॅलिफोर्नियात आमदारकी ही पूर्णवेळ नोकरी आहे. तेथे १९६६ मध्ये मतदारांनी तशी घटनादुरुस्ती स्वीकारली; त्यामागे स्पीकर जेसी अनरू यांचा पुढाकार होता.

अधिवेशन नसले तरी काम थांबत नाही. बेकारीभत्ता अडकला, परवाना येत नाही, रस्त्याला सिग्नल नाही, असे फोन बारा महिने येतात, आणि ज्या राज्यांत आमदाराला स्वतःचा एकही कर्मचारी नसतो तेथे ते फोन तो स्वतःच घेतो.

८. नव्या आमदाराला सभागृहात वजन कसे मिळते?

समितीतून. विधेयकाचे भवितव्य समितीत ठरते आणि कोणाला कोणती समिती मिळणार हे बहुधा स्पीकरच्या हातात असते. म्हणून पहिल्या मुदतीत शहाणा सदस्य एक विषय धरतो, त्या खात्याचे अंदाजपत्रक ओळ न ओळ वाचतो आणि इतरांना त्या विषयात आपल्याला विचारावेसे वाटेल अशी स्थिती आणतो.

तरीही सर्वांत मोठा फरक बहुमताने पडतो. इलिनॉयच्या सिनेटमध्ये ओबामा १९९७ पासून सहा वर्षे अल्पमतातील पक्षात होते आणि त्यांची बरीच विधेयके पुढे सरकली नाहीत. २००३ मध्ये त्यांच्या पक्षाला सिनेटमध्ये बहुमत मिळाले आणि त्यानंतर एकामागून एक कायदे झाले. खुनाच्या प्रकरणांत संशयिताच्या चौकशीचे ध्वनिचित्रमुद्रण सक्तीचे करणारा कायदा त्यांतलाच. माणूस तोच, अभ्यास तोच, पण सभागृहाची गणिते बदलली होती. सत्ता एका हातात साचली की काय होते, हेही त्याच राज्याने पाहिले : मायकेल मॅडिगन १९८३ ते २०२१ या काळात दोन वर्षे वगळता सलग स्पीकर होते आणि २०२५ मध्ये लाचखोरीसह अनेक आरोपांत दोषी ठरून त्यांना साडेसात वर्षांची शिक्षा झाली.

९. कितीही वेळा निवडून येता येते का?

हाउसची मुदत बहुतेक राज्यांत दोन वर्षांची आणि सिनेटची चार वर्षांची असते. १६ राज्यांत एकूण मुदतींवर मर्यादा आहे. ही लाट १९९० मध्ये कॅलिफोर्निया, कोलोरॅडो आणि ओक्लाहोमा येथून सुरू झाली. कॅलिफोर्नियात आता दोन्ही सभागृहे मिळून आयुष्यभरात १२ वर्षे मिळतात. उरलेल्या राज्यांत मर्यादा नाही. विस्कॉन्सिनचे फ्रेड रिसर १९५७ मध्ये विधिमंडळात आले आणि २०२१ मध्ये बाहेर पडले.

मर्यादेमुळे नवे चेहरे येतात, पण आमदार काम शिकून तयार होतो तोच त्याची जाण्याची वेळ येते. मग अंदाजपत्रकाच्या खाचाखोचा माहीत असलेले लोक म्हणून सचिवालयातील अधिकारी आणि लॉबीवाले उरतात. मुदत संपत आलेला सदस्य पुढचे पद शोधू लागतो. कॅलिफोर्नियाचे पंधरा वर्षांचे स्पीकर विली ब्राउन या मर्यादेमुळे बाहेर पडताना सॅन फ्रान्सिस्कोचे महापौर झाले.

१०. यातून पुढे कुठे जाता येते?

बहुतेक जण कुठेही जात नाहीत. काही मुदती करतात आणि आपल्या व्यवसायाकडे परततात. पण वर गेलेल्यांची यादी पाहिली तर पहिली पायरी अनेकदा हीच दिसते. अब्राहम लिंकन १८३२ मध्ये हरले, १८३४ मध्ये इलिनॉयच्या हाउसमध्ये निवडून आले आणि आमदार असतानाच कायदा शिकले. थिओडोर रूझवेल्ट न्यूयॉर्कच्या असेंब्लीत, फ्रँकलिन रूझवेल्ट तेथील सिनेटमध्ये, तर कार्टर जॉर्जियाच्या सिनेटमध्ये होते. कार्टर यांची तर पहिली निवडणूकच कोर्टात गेली होती : १९६२ च्या प्रायमरीत एका लहान काउंटीत (जिल्ह्यासारख्या विभागात) मत दिल्याची नोंद असलेल्या मतदारांपेक्षा जास्त मतपत्रिका पेटीत निघाल्या, आणि त्यांनी तो गैरप्रकार उघड करून जागा मिळवली. निकी हेली साउथ कॅरोलिनाच्या हाउसमधून गव्हर्नर झाल्या.

वर जाताना पडणेही नेहमीचेच. ओबामा २००० मध्ये काँग्रेससाठी प्रायमरीत उभे राहिले आणि मोठ्या फरकाने हरले. त्यांची राज्य सिनेटची जागा शाबूत होती म्हणून ते राजकारणात टिकले.

११. मराठी माणसे या वाटेने गेली आहेत का?

गेली आहेत. कुमार बर्वे १९९० मध्ये मेरीलँडच्या हाउस ऑफ डेलिगेट्सवर निवडून आले. राज्य विधिमंडळात निवडून आलेले ते पहिले भारतीय-अमेरिकन, आणि पुढे बरीच वर्षे ते तेथील बहुमताचे नेते होते. त्यांचा जन्म न्यूयॉर्क राज्यातला. नागपूरच्या स्वाती दांडेकर यांची वाट अधिक नमुनेदार आहे : आधी आयोवातील शाळा मंडळावर, मग २००२ मध्ये राज्याच्या हाउसवर, त्यानंतर सिनेटमध्ये. शाळा मंडळ किंवा नगर परिषद ही स्थलांतरितांसाठी सर्वांत जवळची पायरी आहे आणि प्रश्न विचारणाऱ्या प्रत्येकाला मी तीच सुचवतो. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदाची प्रायमरी हरले, २०२० मध्ये राज्याच्या हाउसवर आणि २०२२ मध्ये थेट काँग्रेसवर निवडून गेले.

१२. आमदाराने पक्ष बदलला तर आमदारकी जाते का?

जात नाही. दहाव्या परिशिष्टासारखा पक्षांतरबंदी कायदा तेथे नाही आणि व्हिप मोडला म्हणून सदस्यत्व रद्द होत नाही. नॉर्थ कॅरोलिनात ट्रिशिया कॉथम नोव्हेंबर २०२२ मध्ये डेमोक्रॅट म्हणून निवडून आल्या, एप्रिल २०२३ मध्ये रिपब्लिकन झाल्या, आणि त्या एका मताने गव्हर्नरचा नकाराधिकार मोडून काढण्याइतके बहुमत त्या पक्षाला हाउसमध्ये मिळाले. पुढच्याच महिन्यात बारा आठवड्यांनंतरच्या गर्भपातावर निर्बंध घालणारे विधेयक त्याच बळावर कायदा झाले. त्यांना निवडून देणाऱ्यांकडे पुढच्या निवडणुकीची वाट पाहण्यावाचून उपाय नव्हता, आणि त्या निवडणुकीत मतदारसंघाची नवी आखणी झालेली असल्याने त्या थोड्या मतांनी पुन्हा जिंकल्या.

१३. सभागृह स्वतःच्या सदस्याला काढू शकते का? आणि मतदार?

सभागृह काढू शकते, बहुधा दोन तृतीयांश मतांनी. एप्रिल २०२३ मध्ये टेनेसीच्या हाउसने जस्टिन जोन्स आणि जस्टिन पिअरसन यांना शाळेतील गोळीबारानंतर सभागृहात ध्वनिक्षेपकावरून निषेध केल्याबद्दल काढले. त्यांच्याबरोबर उभ्या असलेल्या ग्लोरिया जॉन्सन एका मताने वाचल्या. आठवड्याच्या आत स्थानिक मंडळांनी दोघांना त्याच जागांवर परत पाठवले आणि नंतरच्या निवडणुकीत दोघेही जिंकले. मत मांडले म्हणून जागा नाकारता मात्र येत नाही. जॉर्जियाच्या हाउसने ज्युलियन बाँड यांना व्हिएतनाम युद्धाला विरोध केल्यामुळे शपथ घेऊ दिली नव्हती, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९६६ मध्ये एकमताने ते घटनाबाह्य ठरवले.

मतदारांना मुदतीआधी परत बोलावण्याचा हक्क काही राज्यांतच आहे. कोलोरॅडोत २०१३ मध्ये बंदूक नियंत्रण कायद्यांवरून सिनेटचे अध्यक्ष जॉन मोर्स यांनाच अशा रीतीने घरी पाठवले गेले.

१४. आमदार राज्य सोडून पळून जातात अशा बातम्या येतात, त्या कशासाठी?

गणसंख्या मोडण्यासाठी. टेक्सासच्या हाउसमध्ये १५० पैकी १०० सदस्य हजर असल्याशिवाय कामकाज चालत नाही, म्हणून अल्पमतातील डेमोक्रॅट सदस्य २००३ मध्ये ओक्लाहोमाला, २०२१ मध्ये वॉशिंग्टनला आणि २०२५ मध्ये इलिनॉयला निघून गेले. राज्याबाहेर जायचे कारण असे, की राज्याच्या आत त्यांना पकडून सभागृहात आणता येते. तिन्ही वेळा ते रोखू पाहत असलेले विधेयक काही आठवड्यांनी वा महिन्यांनी मंजूर झालेच. ओरेगॉनमध्ये मतदारांनी २०२२ मध्ये नियम केला की दहा किंवा अधिक वेळा विनापरवानगी गैरहजर राहणाऱ्याला पुढची निवडणूक लढवता येणार नाही; तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये तो उचलून धरला आणि दहा सिनेटर अपात्र ठरले.

१५. या कामात जिवाला धोका असतो का?

दुर्दैवाने हा प्रश्न आता वारंवार येतो. १४ जून २०२५ रोजी मिनेसोटाच्या माजी स्पीकर मेलिसा हॉर्टमन आणि त्यांचे पती यांची त्यांच्या घरी गोळ्या घालून हत्या झाली. सिनेटर जॉन हॉफमन आणि त्यांच्या पत्नी यांच्यावरही त्याच रात्री त्यांच्या घरी हल्ला झाला, त्यातून ते वाचले. राज्य आमदाराला सहसा सुरक्षारक्षक नसतो आणि त्याचा पत्ता शोधणे अवघड नसते, कारण तो ज्यांचा प्रतिनिधी असतो त्यांच्याच शेजारी राहतो. त्यानंतर अनेक राज्यांत आमदारांचे घरचे पत्ते संकेतस्थळांवरून काढण्यात आले.

१६. मुदतीच्या मध्येच जागा रिकामी झाली तर?

सुमारे निम्म्या राज्यांत पोटनिवडणूक होते. उरलेल्यांत गव्हर्नर, काउंटी मंडळ किंवा मूळ पक्षाची समिती नवा सदस्य नेमते. याचे राजकारण कसे होते ते आयोवात दिसले. प्रश्न ११ मध्ये उल्लेखिलेल्या स्वाती दांडेकर डेमोक्रॅट होत्या आणि सिनेटमध्ये त्यांच्या पक्षाचे बहुमत २६ विरुद्ध २४ असे होते. २०११ मध्ये रिपब्लिकन गव्हर्नरांनी त्यांची वीज, गॅस अशा सेवांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या मंडळावर नेमणूक केली आणि त्यांनी राजीनामा दिला. ती एक जागा गेली असती तर सभागृह बरोबरीत आले असते. पोटनिवडणुकीत डेमोक्रॅटांनी ती राखली.

१७. दोघांना समान मते पडली तर काय करतात?

राज्यागणिक नियम वेगळा. काही ठिकाणी फेरनिवडणूक, काही ठिकाणी चिठ्ठी. व्हर्जिनियात २०१७ मध्ये एका मतदारसंघात फेरमोजणीनंतर डेमोक्रॅट शेली सायमंड्स एका मताने पुढे गेल्या. दुसऱ्या दिवशी न्यायाधीशांनी एक वादग्रस्त मतपत्रिका त्यांचे रिपब्लिकन प्रतिस्पर्धी डेव्हिड यँसी यांच्या खात्यात धरली. तिच्यावर दोन्ही नावांपुढची वर्तुळे भरलेली होती आणि एकावर रेघ ओढलेली होती. दोघांची मते प्रत्येकी ११,६०८ झाली. ४ जानेवारी २०१८ रोजी रिचमंडमध्ये दोन्ही नावे फोटोच्या रिळाच्या डब्यांत घालून चिनीमातीच्या एका वाडग्यात ठेवण्यात आली आणि निवडणूक मंडळाच्या अध्यक्षांनी त्यांतून एक डबी उचलली. नाव यँसी यांचे निघाले आणि शंभर जणांच्या सभागृहात रिपब्लिकनांचे बहुमत ५१ विरुद्ध ४९ असे टिकले. सायमंड्स यांनी २०१९ मध्ये पुन्हा त्याच मतदारसंघातून, त्याच प्रतिस्पर्ध्याविरुद्ध निवडणूक लढवली आणि जिंकली.